नाखवा, नांगर आणि आमची बाजू

बीड जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याचं अप्रूप असतं आणि होडीचं त्याहून जास्त. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. होडी येते ती फक्त पुस्तकात. उर्दूच्या पुस्तकात तिचं नाव किश्ती किंवा सफीना, मराठीच्या पुस्तकात होडी किंवा गलबत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, वरच्या वर्गांना उर्दूही. वीसेक वर्षं हे शब्द फळ्यावर लिहितेय. शिडाचं चित्र काढायला सांगितलं की पोरं त्रिकोण काढतात आणि खाली अर्धी टरबुजाची फोड. माझंही चित्र तेवढंच होतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुरुडला गेलो. मी, मुलांचे अब्बू, माझ्या सासूबाई म्हणजे अम्मी, सातवीतली लेक आणि चौथीतला मुलगा. घरून निघताना सगळ्यांना सांगितलं होतं की जंजिरा बघायला चाललोय. पण चार दिवसांत किल्ला पाहिला दोन तास, बाकी सगळा वेळ होड्याच बघत बसलो.

मुरुडच्या दक्षिणेला लागूनच एकदरा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मध्ये खाडी, खाडीवर पूल. पुलावर उभं राहिलं की खाली होड्याच होड्या. ओहोटीला त्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात, जणू थकून झोपल्यात. भरती चढू लागली की एकेक होडी हळूच सरळ होते. माझ्या मुलाला हा खेळ इतका आवडला की सकाळी नाश्त्याआधी तो पुलावर जाऊन ‘आज किती उठल्या’ ते मोजून यायचा.

होड्यांचे रंग भडक. निळा, हिरवा, केशरी. प्रत्येकीवर नाव. एकीवर एकवीरा आईचं नाव, दुसरीवर मदिना. कुठे देवीचा कृपाप्रसाद, कुठे ख्वाजांची मेहरबानी. अक्षरं नीट पाहिली तर वेलांट्या, उकार आणि सावली देण्याची पद्धत सगळीकडे सारखीच. रंगवणारा हात एकच असावा. लेकीच्या हे लक्षात आलं आणि मला आनंद झाला. शिक्षकाच्या पोरीने अक्षर ओळखायलाच हवं.

किनाऱ्यावर एक लाकडी होडी दुरुस्तीला ओढलेली होती. फळ्यांच्या फटीत कापूस ठासून वरून राळ भरायचं काम चालू होतं. मुलांच्या अब्बूंनी विचारलं, आता फायबरच्या होड्या आल्यात ना, मग हे कशाला? काम करणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, “फायबर हलकं. लाकूड दर्यात बसतं.” आमच्याकडे चांगली गाडी रस्त्याला धरून चालते म्हणतात, तसंच हे. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते. ते माशांच्या विणीचे दिवस, शिवाय दर्या खवळलेला. या बंदीच्या काळात होड्यांची मोठी डागडुजी होते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की हंगाम सुरू. आम्ही गेलो तेव्हा हंगाम भरात होता. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि अम्मींनी दुसऱ्या दिवसापासून त्या वासाची तक्रार सोडून दिली होती.

किल्ल्यावर जायला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. आयुष्यात पहिल्यांदा मी शिडाच्या होडीत बसत होते. अम्मींनी पाय आत टाकताना नूह अलैहिस्सलामांची किश्तीत बसतानाची दुआ म्हटली. मीही मनातल्या मनात म्हटली. सूरह रहमानमध्ये दर्यात डोंगरासारख्या उभ्या जहाजांचा उल्लेख आहे. लहानपणापासून ती आयत पाठ आहे, पण डोळ्यांपुढे काही यायचं नाही. धक्क्यावरून त्या उंच शिडाकडे मान वर करून पाहिलं तेव्हा काहीतरी आलं.

दोन तरुणांनी दोर ओढून शीड चढवलं. मागच्या टोकाला सुकाणू धरून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. वारा भरला तशी होडी एका अंगाला झुकली आणि सगळे किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, “उजवीकडचे चार जण डावीकडे सरका. अम्मा, तुम्ही बसून राहा. शीड फिरेल, डोकं सांभाळा.” वजन कुठे हवं, शीड कधी फिरवायचं, लाट कुठल्या अंगाने घ्यायची, हे सगळं ते बसल्या जागेवरून दोन-दोन शब्दांत सांगत होते. माणूस कोळी की कोकणी मुसलमान, हे त्यांच्या बोलण्यावरून मला शेवटपर्यंत कळलं नाही. अम्मींना विचारायचं होतं. मी हळूच त्यांचा हात दाबला.

मुलाने मात्र प्रश्नांचा सपाटा लावला. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. उत्तरं आली ती ऐकून मी वही न आणल्याबद्दल हळहळले. सुकाणू, डोलकाठी, शीड, नांगर. नांगर म्हटल्यावर मुलगा हसायला लागला. त्याच्या माहितीत नांगर बैलाच्या मागे असतो. होडीचा नांगरही जमिनीतच रुततो, फक्त जमीन पाण्याखाली असते, असं मी समजावलं. फारसीत आणि उर्दूत त्याला लंगर म्हणतात. दर्ग्यातला लंगर मुलांना माहीत आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

पण मला त्या अर्ध्या तासात जे मिळालं ते एखाद्या प्रशिक्षण शिबिरातही मिळालं नसतं. होडीतली भाषा नीट ऐका. बंदर फारसी. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आलेला. जहाज अरबी, तुफान अरबी, हवा अरबी. खलाशी म्हणजे उर्दूतला खलासी. सारंग म्हणजे फारसी ‘सरहंग’. जंजिरा हा शब्दच अरबी ‘जज़ीरा’, म्हणजे बेट. आणि त्यांच्या शेजारी होडी, शीड, डोलकाठी, वल्हं हे आपल्या मातीतले शब्द खांद्याला खांदा लावून बसलेले. तिसरा शेजारी पोर्तुगीज. त्यांच्या ‘आर्माडा’चं आपण आरमार केलं.

एक गंमत सांगते. उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फारसीतही दर्या म्हणजे समुद्रच. म्हणजे या एका शब्दापुरती मराठी भाषा उर्दूपेक्षा फारसीच्या जास्त जवळ राहिली. उर्दूच्या तासाला मी हे सांगितलं तर पोरं विश्वास ठेवणार नाहीत.

दुसरी गंमत नाखव्याची. उर्दू शायरीत नाखुदा पावलोपावली भेटतो. शायर कधी त्याच्यावर भरवसा ठेवतो, कधी त्याला सोडून थेट खुदाकडे धाव घेतो. नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे मालक, मिळून नाखुदा. बीडच्या वर्गात आम्ही हा शब्द प्रतीक म्हणून शिकवतो, परीक्षेला त्यावर चार गुणांचा प्रश्न येतो. राजपुरीच्या धक्क्यावर तोच शब्द डिझेलच्या वासाचा, उघड्या पायांचा नाखवा होऊन समोर उभा राहतो आणि म्हणतो, ‘शीड फिरेल, डोकं सांभाळा.’ नाखवा, सारंग, तांडेल ही आडनावं या किनाऱ्यावर कोळ्यांतही आहेत आणि कोकणी मुसलमानांतही. सगळी होडीवरच्या कामाची नावं. आडनाव कामावरून पडलं, आणि काम दोघांचं एकच होतं.

अबुल फज़लने ‘ऐन-ए-अकबरी’त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. त्यात नाखुदा आहे, तांडेल आहे, सरहंग आहे आणि मुअल्लिमही आहे. मुअल्लिम म्हणजे शिक्षक, हे आपल्याला माहीत. जहाजावर मात्र मुअल्लिम म्हणजे वाट दाखवणारा. वारे, तारे, पाण्याची खोली ज्याला कळते तो. आम्हा शिक्षकांना पगारापलीकडे मान कमीच मिळतो, म्हणून हा एवढा अर्थ मी जपून ठेवला आहे.

किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. भिंतच भिंत. मग होडी वळते आणि दोन बुरुजांच्या मधे तो एकदम उघडतो. लाट वर आली की पायरीवर पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. आत गाईड भेटले. तोफा दाखवल्या, कलालबांगडीवर हात ठेवून फोटो झाले, खाऱ्या दर्यात गोड्या पाण्याचे तलाव पाहून सगळे चकित झाले. मग इतिहास. बेटावर पहिला लाकडी मेढेकोट कोळ्यांच्या रामपाटलांचा. तो निजामशाहीने युक्तीने घेतला. पुढे सिद्दी. शिवरायांनी प्रयत्न केले, किल्ला आला नाही. 1682 साली संभाजी महाराजांनी खाडी बुजवून वाट बांधायला घेतली, तरी आला नाही. 1948 साली संस्थान विलीन झालं तेव्हाच तो हातातून गेला.

आमच्या गटातल्या एकाने शिवरायांचा जयजयकार केला. सगळ्यांनी साथ दिली, आम्हीही दिली, माझ्या मुलाने सगळ्यात मोठ्याने दिली. कुणीतरी वळून माझ्या स्कार्फकडे पाहिलं. वाईट नजर नव्हती ती, नुसतं कुतूहल होतं. पण लेकीने ती पाहिली. ती गप्प झाली. तटावर आम्ही दोघी मागे राहिलो तेव्हा तिने घरच्या भाषेत विचारलं, “अम्मी, मंग हम किसके तरफ के थे?”

माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी मुसलमान आईला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. उत्तर आम्हाला पाठ असतं. दौलतखान! 1679 साली खांदेरीच्या लढाईत मुंबईकर इंग्रजांसमोर शिवरायांचं आरमार घेऊन उभा राहिलेला सरदार दौलतखान होता. पुढे इंग्रजांच्या जोडीला जंजिऱ्याचे सिद्दी आले, म्हणजे सिद्द्यांशीही तोच लढला. खुद्द सिद्द्यांमधला सिद्दी मिस्री मराठ्यांकडून लढला. हे सगळं खरं आहे, कागदोपत्री आहे, आणि मी ते लेकीला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तो मुसलमान होता म्हणून आपला, की महाराजांकडे होता म्हणून आपला?”

मी तटाला टेकून खाली पाहत राहिले. खाली त्या शिडाच्या होड्या आमची वाट पाहत डुलत होत्या.

आमच्या घरांत दौलतखान हा रेशनकार्डासारखा जपून ठेवलेला असतो. कुणी विचारलं की काढून दाखवायचा. मलाही त्याचा अभिमान आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला सुट्टीत किल्ला बघताना दाखला का काढावा लागावा? दौलतखानाला आरमार मिळालं ते त्याला दर्या कळत होता म्हणून. आज त्याच्याकडून आम्ही जे काम करून घेतो, ते करायला तो काही खांदेरीला गेला नव्हता.

उलट्या बाजूचंही तसंच. सिद्दी आपले कसे? त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले, त्यातले कित्येक गुलाम म्हणून, दुसऱ्याच्या जहाजातून, स्वतःच्या मर्जीविरुद्ध. त्यातून ते सरदार झाले, संस्थानिक झाले. हा पराक्रमच. पण किनाऱ्यावरच्या गावांना त्यांच्या स्वाऱ्यांनी दिलेला त्रासही खरा. तो ज्यांच्या आठवणीत आहे त्यांनी तो का विसरावा? आणि बीडकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या आम्ही, केवळ कलमा एक म्हणून, त्याचा हिशेब का द्यावा किंवा त्याचं श्रेय तरी का घ्यावं? आमचे पूर्वज त्या वेळी बहुधा नांगरामागे चालत होते. बैलाच्या नांगरामागे.

मी लेकीला एवढंच सांगितलं, “तुझ्या प्रश्नाला दोन बाजू आहेत असं तू धरून चाललीस. खाली बघ. त्या होड्यांना विचार.”

संध्याकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर बसून ते जरा उलगडून सांगितलं. समोर दर्यात पद्मदुर्ग दिसत होता, शिवरायांनी जंजिऱ्याला शह म्हणून उभा केलेला. दोन किल्ले, मधे पाणी. एका बाजूने भगव्याखाली, दुसऱ्या बाजूने सिद्द्याच्या निशाणाखाली गलबतं निघत असतील. दोन्हींवर सुकाणूला सुकाणूच म्हणत असतील. दोन्हींवर तांडेल असेल, सारंग असेल. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा दोघांना सारखाच दर्यात ढकलत असेल आणि दुपारचा खारा वारा दोघांना सारखाच घराकडे आणत असेल. मतलई म्हटलं की मला गझलेचा मतला आठवतो. मतला म्हणजे उगवण्याची जागा, आणि या किनाऱ्यावर जमीन पूर्वेलाच आहे. मुलांचे अब्बू म्हणाले, “आता गझल नको, मुलांना भूक लागलीय.”

लाय पाटलाची गोष्ट मी रात्री जेवताना सांगितली. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायचं धाडस करणारा हा सोनकोळी. शिवरायांनी त्याला पालखीचा मान दिला, तर तो म्हणाला की दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची. तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’. अशी कथा या किनाऱ्यावर सांगतात. मुलाला ही गोष्ट किल्ल्यापेक्षा जास्त आवडली. लेक म्हणाली, “हा माणूस मला आवडला. मी याच्या बाजूची.” मला बरं वाटलं. तिने आडनाव न बघता माणूस निवडला होता, आणि तो निवडायला तिला कुणाची परवानगी लागली नव्हती.

परतताना आम्ही अलिबागवरून रेवसला गेलो. जवळच्या मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत आता मोटारी पोटात घेऊन जाणारी रो-रो बोट आहे, 2020 साली सुरू झालेली. ती मुलांना दाखवायची होती. पण रेवसच्या धक्क्यावर उभं राहिल्यावर मला दुसरीच बोट आठवली. 17 जुलै 1947, गुरुवार. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी दर्यात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारी अमावास्येला घरी पोहोचायचं म्हणून निघालेले चाकरमानी त्यात होते. हिशेब केला तर रमजान लागायलाही दोन-तीनच दिवस होते. महिन्याभराने स्वातंत्र्य आणि फाळणी. देशभर बाजू विचारल्या जात होत्या. त्या दिवशी या पाण्यात रेवस-बोडणीच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी दर्यात फेकून माणसं वर ओढली असं सांगतात. एका दिवसाची कमाई पाण्यात टाकायची, तेही समोरचा कोण हे माहीत नसताना. अम्मींनी फातिहा वाचला. मुलांनी हात बांधले आणि पाण्याकडे पाहत राहिली.

घरी आल्यावर लेकीने वहीत होडीच्या भागांचं चित्र काढलं आहे. त्रिकोण आणि टरबुजाची फोड नाही, खरी होडी. प्रत्येक भागाला बाण आणि बाणापुढे नाव, एका बाजूला देवनागरीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत. सुकाणू आणि शीड ही नावं दोन्हीकडे तीच आहेत, फक्त लिपी वेगळी. दोन बाणांपुढे जागा रिकामी आहे, कारण त्या भागांना किनाऱ्यावर काय म्हणतात ते विचारायचं राहून गेलं. शिडाचा जो तिरका लांब वासा असतो तो, आणि होडी वाळूवर ओढताना खाली घालतात ती लाकडं. तुमच्यापैकी कुणाचं आडनाव नाखवा, सारंग किंवा तांडेल असेल, किंवा घरात कुणी दर्यावर जाणारं असेल, तर आजोबांना विचारून मला कळवा. कुठल्या गावात काय म्हणतात तेही लिहा. मी ते वर्गातल्या फळ्यावर लावणार आहे, मराठीच्या तासालाही आणि उर्दूच्याही.